गंगेतला डॉल्फिन की धिंगरी अळिंबी? नववीच्या प्रकल्पासाठी निवड करताना

दसरा झाला आणि धुळ्याहून भाचीचा फोन आला. ती नववीत आहे. सरांनी प्रत्येक जोडीला एक सजीव निवडायला सांगितलंय. दिवाळीनंतर काम सुरू करायचं आणि जानेवारीच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायचं. "आत्या, मला डॉल्फिन हवाय आणि माझ्या मैत्रिणीला अळिंबी. दोन दिवस आमचं भांडण चाललंय. आता तूच ठरव."

मी ठरवलं नाही, प्रकल्प तिचा आहे. पण चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत मी चौदा वर्षं विज्ञान शिकवते आहे आणि डॉल्फिन आणि अळिंबी (मशरूम) या दोन्ही सजीवांवर माझ्या मुलांनी प्रकल्प केलेले आहेत. फोनवर तिला जे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेच इथे सलग लिहिते. खानदेशात अशीच निवड करायला बसलेली आणखी मुलं असतील, त्यांचे आईवडील आणि शिक्षक असतील. त्यांना उपयोग होईल.

आधी नेमकी जात ठरवा

"डॉल्फिन" एवढंच लिहून दिलं तर प्रकल्प पहिल्याच पानावर भरकटतो. डॉल्फिनच्या जगात चाळीसच्या आसपास जाती आहेत. मुलांच्या डोळ्यांसमोर येतो तो टीव्हीवरचा, निळ्या पाण्यातून उडी मारणारा. शाळेची सहल कोकणात गेली की दापोलीला किंवा तारकर्लीला होडीतून दिसतो तो वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला, समुद्रातला. भाचीला हवा होता तो तिसराच, गंगेतला. शास्त्रीय नाव प्लॅटॅनिस्टा गँजेटिका. २००९ साली तो आपला राष्ट्रीय जलचर ठरला. आयुष्यभर गोड्या पाण्यात राहणारा आणि जवळजवळ आंधळा असा हा प्राणी आहे. अभ्यासाला घ्यायचा तर हाच घ्यावा, कारण विचार करायला लावील असं त्याच्याजवळ पुष्कळ आहे.

अळिंबीचंही तसंच. हॉटेलच्या भाजीत असते ती बटण अळिंबी. तिला खास कुजवून तयार केलेलं कंपोस्ट लागतं आणि कोंब धरताना पंधरा ते अठरा अंशांचा गारवा लागतो. शाळेच्या खोलीत ते जमायचं नाही. धिंगरी मात्र साध्या भुशावर येते. शिंपल्याच्या आकाराची, एकावर एक पंख्यांसारखी फुटणारी. तिच्या वंशाचं नाव प्ल्युरोटस. आपल्याकडे पांढरी फ्लोरिडा आणि करडी साजोर-काजू या दोन जास्त लावतात. बियाण्याच्या पिशवीवर जे नाव असेल ते पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. परीक्षक विचारतात.

नातं लागतं ते असं

वर्गात मी फळ्यावर तीन चित्रं काढते: डॉल्फिन, धिंगरी आणि कपाशीचं झाड. मग विचारते, यातले जवळचे नातेवाईक कोणते दोन? जवळजवळ सगळा वर्ग धिंगरी आणि कपाशी म्हणतो. दोन्ही जागेवरून हलत नाहीत, दोन्ही "उगवतात". कधीकधी एखादा मुलगा मागच्या बाकावरून विचारतो, "मॅडम, तिघं वेगवेगळी नाहीत का?" तो उत्तराच्या जास्त जवळ असतो.

खरं उत्तर असं की धिंगरी आणि डॉल्फिन हेच एकमेकांना जवळचे. कपाशी दोघांनाही दूरची. बुरशीत हरितद्रव्य नाही, ती स्वतःचं अन्न स्वतः तयार करू शकत नाही, आपल्यासारखंच तिलाही दुसऱ्यावर जगावं लागतं. झाडं अन्न साठवतात ते स्टार्चच्या रूपात. बुरशी साठवते ग्लायकोजेन, आणि आपल्या यकृतात, डॉल्फिनच्या यकृतातही ग्लायकोजेनच असतं. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, म्हणजे झुरळाच्या आणि खेकड्याच्या कवचात असतं तेच. काही आदिम बुरशींचे बीजाणू पाण्यात पोहतात ते मागच्या बाजूच्या एकाच शेपटीने, आणि प्राण्यांचा शुक्राणूही तसाच पोहतो. जनुकं वाचता यायला लागल्यावर हे नातं पक्कं झालं. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी दोन्हींचा पूर्वज एक होता.

रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ मध्ये पाच सृष्टींची मांडणी केली, तीत बुरशीला वनस्पतींपासून वेगळं काढलं, हे आपल्या पुस्तकात आहे. मुलं ते पाठ करतात, पण ते का केलं हे त्यांना माहीत नसतं. प्रकल्प कोणताही घ्या, एक तक्ता या नात्याचा करा. भाची आणि तिची मैत्रीण भांडत होत्या त्या दोन विषयांना जोडणारा हाच एक धागा आहे.

डॉल्फिन: न दिसणाऱ्या प्राण्याचा अभ्यास

पाच वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं नवराबायको बिहारला गेलो होतो. भुसावळहून पाटण्याकडे गाड्या जातात, पुढे भागलपूर. तिथे सुलतानगंज ते कहलगाव हा गंगेचा साठ किलोमीटरचा पट्टा १९९१ पासून विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य आहे. सकाळी नावाड्याने होडी मधोमध नेऊन इंजिन बंद केलं आणि गप्प बसा म्हणून खूण केली. बराच वेळ काही नाही. मग डाव्या बाजूला श्वास सोडल्याचा आवाज आला, नाक शिंकरल्यासारखा. वळेपर्यंत करड्या रंगाची ओली पाठ पाण्याखाली जात होती. "सूंस!" नावाडी म्हणाला. त्या आवाजावरूनच हे नाव पडलंय असं तिथली माणसं सांगतात. तासाभरात आम्हाला तो चार वेळा दिसला, प्रत्येक वेळी सेकंदभर. माझ्या फोनमध्ये त्या सकाळचे पस्तीस फोटो आहेत आणि सगळ्यांत फक्त पाणी आहे.

हे सांगते ते एवढ्यासाठी की हा प्राणी निवडलात तर तो कसा "पाहतात" हाच तुमच्या प्रकल्पाचा गाभा होऊ शकतो. डॉल्फिन सस्तन प्राणी आहे, त्याला फुप्फुसं आहेत, म्हणून अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांच्या अंतराने त्याला वर यावंच लागतं. मोजणी करणाऱ्यांना तेवढाच क्षण मिळतो. म्हणून होडीतून दोन स्वतंत्र गट मोजतात, एकाला सुटलेला दुसऱ्याच्या नोंदीत येतो, आणि पाण्यात ध्वनिग्राहक सोडून त्याचे आवाजही टिपतात. प्रोजेक्ट डॉल्फिनची घोषणा १५ ऑगस्ट २०२० ला झाली. त्याखाली २०२१ ते २०२३ या काळात आठ राज्यांतल्या अठ्ठावीस नद्यांवर साडेआठ हजार किलोमीटरहून जास्त अंतर फिरून मोजणी झाली आणि मार्च २०२५ मध्ये आकडा जाहीर झाला: ६३२७. त्यातले उत्तर प्रदेशात २३९७, बिहारमध्ये २२२०, पश्चिम बंगालमध्ये ८१५, आसाममध्ये ६३५, झारखंडमध्ये १६२, राजस्थान आणि मध्य प्रदेश मिळून ९५, पंजाबात ३. पंजाबातले ते तीन बियास नदीतले आहेत, आणि ते गंगेचे नाहीत, सिंधू नदीचे डॉल्फिन आहेत. म्हणजे गंगेच्या जातीचा खरा आकडा ६३२४. हा तीनचा फरक ज्या मुलाने स्वतः शोधून तक्त्यावर लिहिला, त्याने बातमी नीट वाचली असं मी समजते.

त्याच्या शरीराबद्दल लिहायला लागलं तर वही पुरत नाही. डोळ्यात भिंगच नाही, फार तर उजेड कुठून येतो एवढं कळत असावं. गाळाने गढूळ झालेल्या नदीत डोळ्यांचा उपयोगही नसतो. तो सतत टिकटिक आवाज काढतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे आहे ते ओळखतो, आपल्या वाड्यातलं वटवाघूळ अंधारात करतं तसं. उथळ पाण्यात तो कुशीवर होऊन पोहतो आणि एक पर तळाशी घासत नेतो. मान वळवता येते, कारण मानेचे मणके जुळलेले नाहीत. समुद्रातल्या बऱ्याच डॉल्फिनना असं जमत नाही. तोंड मिटलं तरी पुढचे दात बाहेर दिसतात. मादी नरापेक्षा मोठी, अडीच मीटरपर्यंत. एका वेळी एकच पिल्लू, तेही दोन-तीन वर्षांनी, म्हणून एक जरी जाळ्यात गुदमरून मेला तरी भरून यायला वेळ लागतो. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात मारू नये अशा प्राण्यांच्या यादीत "गंगापुपुटक" आहे. तो हाच, असं अभ्यासक मानतात. म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वीही याला वाचवावं असं कोणाला तरी वाटलं होतं.

आणि हे होऊ शकलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण चीनमध्ये आहे. यांगत्से नदीतला बैजी डॉल्फिन. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी सहा आठवडे ती नदी पालथी घातली. एकही सापडला नाही.

आता अडचण. खानदेशातल्या मुलाने या प्राण्याबद्दल वाचलं, आकडे जमवले, चित्रं चिकटवली, तरी त्यात त्याचं स्वतःचं काय? माझ्या एका विद्यार्थिनीने यावर फार चांगला तोडगा काढला होता. तिने प्रश्नच बदलला: आपल्या तापीत डॉल्फिन का नाही?

तिने आणि तिच्या भावाने शाडूच्या मातीचा उठावाचा नकाशा केला, चार फूट बाय तीन फूट. सातपुडा, त्याच्या पलीकडे नर्मदा, त्याच्या पलीकडे विंध्य. मातीला वार्निश लावून पाणी झिरपणार नाही असं केलं. मग निळ्या शाईचं पाणी झारीने चोपड्यावर ओतायचं, ते तापीच्या खोबणीतून सुरतेकडे जायचं. लाल शाईचं पाणी महूजवळच्या जानापाव डोंगरावर ओतायचं, ते चंबळेतून यमुनेत आणि यमुनेतून गंगेत. चोपडा ते जानापाव सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत, पण दोन ठिकाणचं पाणी देशाच्या दोन टोकांना जातं. मुलताईला उगवून ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहणारी तापी गंगेला कुठेच भेटत नाही, आणि गोड्या पाण्यातल्या या प्राण्याला समुद्रातून वळसा घालून येता येत नाही. प्रदर्शनात लहान मुलं रांग लावून झारी हातात घेत होती. एक आजोबा दोनदा ओतून पाहून गेले.

त्या नकाशावर तिने शेवटी एक पट्टी जोडली होती: फरक्क्याचं धरण १९७५, त्याने गंगेतल्या डॉल्फिनचे दोन कळप झाले. खाली आपल्याकडचं हतनूर, उकाई. शेजारी गिरणेतल्या वाळूउपशाचे तिने स्वतः काढलेले दोन फोटो. डॉल्फिनला जे नडतं, म्हणजे अडवलेलं पाणी, उपसलेली वाळू, पात्रातलं सांडपाणी, ते आपल्या नद्यांतही आहेच. फक्त इथे त्याची मोजदाद ठेवायला लावील असा मोठा प्राणी नाही. हे मला स्वतःला तिच्यामुळे सुचलं.

धिंगरी: रोज सकाळी वहीत नोंद

धिंगरीचा प्रकल्प याच्या अगदी उलट चालतो. सगळं डोळ्यांसमोर असतं आणि रोज काहीतरी बदललेलं असतं.

आमची पद्धत अशी. गव्हाचा भुसा गोणीत भरून रात्रभर पाण्यात बुडवायचा, आठ ते बारा तास. सकाळी साधारण ऐंशी अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचा. हे काम मोठ्या माणसानेच करायचं, मुलांना चुलीजवळ येऊ द्यायचं नाही. मग ओट्यावर पसरून निथळू द्यायचा. मुठीत दाबल्यावर थेंब पडू नये पण तळहात ओलसर व्हावा, एवढा ओलावा हवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत भुशाचा थर, वर बियाणं, पुन्हा भुसा, असं भरत जायचं. बियाणं म्हणजे गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी, त्याला स्पॉन म्हणतात. ओल्या भुशाच्या शंभराला दोन या हिशेबाने पुरतं. पिशवीचं तोंड बांधून चहूबाजूंनी पंचवीस-तीस भोकं पाडायची आणि अंधाऱ्या खोलीत टांगून ठेवायची.

चौथ्या-पाचव्या दिवशी प्रत्येक दाण्याभोवती पांढरा कापूस दिसायला लागतो. मुलं पिशवीवर मार्करने त्याच्या कडा आखतात आणि दुसऱ्या दिवशी त्या किती पुढे सरकल्या ते पट्टीने मोजतात. पंधरा ते वीस दिवसांत सगळी पिशवी पांढरी होते, भुसा एकमेकांना घट्ट धरून बसतो, विटेसारखा. तेव्हा प्लॅस्टिक कापून काढायचं, खोलीत उजेड आणि वारा येऊ द्यायचा, दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचं, जमिनीवर ओली पोती टाकायची. मग टाचणीच्या डोक्याएवढे कोंब येतात, आणि तिथून पुढचे तीन-चार दिवस मुलं मधल्या सुट्टीत डबा हातात घेऊन त्याच खोलीत उभी असतात. इतक्या झपाट्याने वाढणारं दुसरं काही त्यांनी पाहिलेलं नसतं.

एका वर्षी पाच पिशव्यांपैकी एक हिरवी पडली. ज्या मुलाच्या हाताखालची ती होती तो रडवेला झाला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले, केळीवाले शेतकरी. त्यांनी पिशवी उजेडात धरली आणि म्हणाले, "मॅडम, हाई तं आपलं ट्रायकोडर्मा शे!" खरोखरच तीच बुरशी होती. हरभऱ्याची, केळीची मर रोखायला शेणखतात मिसळून ते तीच वापरतात, आणि सावलीत झाकून ठेवलेल्या खतावर असाच हिरवा थर चढलेला त्यांनी कितीदा पाहिलेला. शेतात रोगाच्या बुरशीवर तुटून पडणारी ही बुरशी अळिंबीच्या पिशवीत शिरली की धिंगरीवरही तशीच तुटून पडते. त्या मुलाने ती हिरवी पिशवी फेकली नाही. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद करून प्रदर्शनात पांढऱ्या पिशवीशेजारी मांडली, आणि वडिलांना शेजारी उभं केलं. परीक्षक त्या दोघांशी पंधरा मिनिटं बोलत होते.

धिंगरीला विचारता येण्यासारखे प्रश्न आपल्या दारातच पडलेले आहेत. गव्हाचा भुसा, सोयाबीनचं कुटार, केळीची वाळलेली पानं, बारीक केलेल्या पऱ्हाट्या म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, यांतल्या कशावर जास्त येते? वाळलेल्या मालाचं वजन आणि निघालेल्या ओल्या अळिंबीचं वजन, यांचा शेकडा हिशेब काढायचा. आमच्याकडे भुसा पुढे राहिला, केळीची पानं मागे पडली. पऱ्हाट्या आम्हाला पुरेशा बारीक करता आल्या नाहीत, तो प्रयोग कोणीतरी नीट करायला हवा, कारण दर हंगामाच्या शेवटी बांधावर त्यांचे ढीग पेटवलेले आपण सगळेच बघतो.

दुसरा प्रश्न हवेचा. एक पिशवी व्हरांड्यात आणि एक बंद कपाटात ठेवून पाहा. कपाटातल्या अळिंबीची मान लांबच लांब होते आणि टोपी बटणाएवढी राहते, कारण तिनेच सोडलेला कार्बन डायऑक्साइड तिथे साचतो. बुरशीही श्वास घेते, हे वाक्य मुलांना शंभरदा सांगण्यापेक्षा त्या दोन अळिंब्या शेजारी ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट बघायला सूक्ष्मदर्शक हवा, पण सांगायला हरकत नाही: धिंगरी शिकार करते. लाकडात आणि भुशात नायट्रोजन फार कमी, म्हणून ती सूत्रकृमींना लुळं करून खाते. हे १९८४ मध्ये उजेडात आलं, आणि तिच्या धाग्यांवरच्या चेंडूसारख्या नाजूक फुगवट्यांत विषारी वायू असतो हे २०२३ मध्ये तैवानमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आपल्या केळीवाल्यांना चांगलेच ठाऊक आहेत. डॉल्फिन आंधळेपणाने मासा धरतो, धिंगरी डोळ्यांशिवायच कृमी धरते. दोन्ही शिकारी तुमच्या तक्त्यावर शेजारी छान दिसतील.

मग निवडायचं कसं

पैसा हा पहिला प्रश्न असतो, तो पटकन उरकते. स्पॉन आम्हाला किलोला शे-दीडशे रुपयांना मिळालं, पिशव्या आणि फवारणीचा पंप धरून पाच पिशव्यांचा खर्च पाचशेच्या आत बसला, भुसा एका मुलाच्या खळ्यातून आला. वर अळिंबी निघाली ती वेगळीच, तिची काळ्या मसाल्यातली भाजी आम्ही शाळेतच केली. डॉल्फिन प्रत्यक्ष पाहायला जायचं तर प्रवास, होडी, मुक्काम मिळून काही हजार लागतात. न जाता करायचा तर कागद आणि शाडू, बस्स.

वेळेचं गणित जास्त महत्त्वाचं. धिंगरीला वीस ते अठ्ठावीस अंश आणि हवेत भरपूर ओलावा लागतो. खानदेशात ते मिळतं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये ऊन तापायला लागलं की कोंब करपतात, एप्रिल-मेच्या चव्वेचाळीस अंशांत नाव काढू नका. म्हणजे चुकलं तर पुन्हा करायला एकच संधी असते. डॉल्फिनच्या प्रकल्पाला ऋतूचं बंधन नाही, मात्र तो बघायला जायचं असेल तर पावसाळा सोडून, पाणी उतरल्यावर जावं. चंबळेतले डॉल्फिन अंतराने आपल्याला सर्वांत जवळचे, पण ते खालच्या अंगाला भिंड-इटाव्याकडे आहेत. दिल्लीच्या गाडीने जाताना मुरैना आणि धौलपूरच्या मध्ये चंबळेचा पूल लागतो, तिथे खिडकीतून नदी नक्की बघा, डॉल्फिन दिसेल अशी आशा मात्र धरू नका.

जोखीम. धिंगरीची पिशवी फसू शकते, आणि फसलेली पिशवीसुद्धा काहीतरी सांगते, हे वर आलंच. डॉल्फिनचा प्रकल्प फसत नाही, कारण त्यात मुलाच्या हातून घडण्यासारखं काही नसतं. त्यात धोका वेगळा आहे: सगळा मजकूर इंटरनेटवरून उतरवलेला, आणि परीक्षकाने "यात तू काय केलंस?" विचारलं की मूल गप्प. असं गप्प झालेलं मूल मी पाहिलंय आणि चूक माझी होती, मी त्याला प्रश्न शोधायला लावलं नव्हतं.

तब्येतीचं एक सांगायलाच हवं. धिंगरीच्या टोपीच्या कडा वर वळायच्या आत ती तोडा. उशीर झाला की बीजाणूंची पांढरी धूळ खोलीभर होते आणि खोकला लागतो. घरात किंवा जोडीत कोणाला दमा असेल तर हा विषय घेऊ नका, दुसरं काही कारण शोधत बसू नका. आणि धिंगरी लावली म्हणून आपल्याला अळिंबी ओळखता येते असं मुलांना वाटायला लागतं. पावसाळ्यात सातपुड्यात उगवणाऱ्या छत्र्या पावरा आणि भिल्ल घरांतल्या जाणत्या बायका पिढ्यान्‌पिढ्यांच्या माहितीवर निवडतात. चित्र बघून कोणी ते करू नये. विषारी जाती खाण्याजोग्यांसारख्याच दिसतात.

माझा कल विचाराल तर दहांतल्या आठ जोड्यांना मी धिंगरीच घ्या म्हणेन. पहिल्यांदा प्रकल्प करणाऱ्याला स्वतःच्या हातांनी मोजलेला एक आकडा मिळायला हवा, मग तो भुशावर पांढरी कड किती मिलीमीटर सरकली एवढा का असेना. उरलेल्या दोन जोड्या अशा असतात की त्यांना नकाशे आवडतात, आकड्यांशी झटापट करायला आवडतं, किंवा एखादा प्राणी मनात बसलेला असतो आणि दुसरं काही सुचतच नाही. त्यांना डॉल्फिन द्यावा, पण स्वतःचा प्रश्न कागदावर लिहून आणल्याशिवाय नाही. "गंगेतील डॉल्फिन: माहिती" हा प्रश्न नव्हे. "तापीत का नाही?" हा प्रश्न आहे. "६३२७ हा आकडा कसा मोजला, आणि आपल्या तलावावरची बदकं आम्ही दोघांनी तशीच वेगवेगळी मोजली तर आमचे आकडे जुळतात का?" हा तर फारच चांगला प्रश्न आहे. तो अजून कोणी घेतलेला नाही. एखाद्या गावतळ्यावर हिवाळ्याच्या चार रविवारी सकाळी दोघांनी पाठ फिरवून मोजायचं, शेवटी वह्या शेजारी ठेवायच्या. डॉल्फिन न पाहताही डॉल्फिन मोजणाऱ्यांची अडचण हाताला लागते.

भाचीने हा शेवटचा प्रश्न ऐकला आणि थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आत्या, नकाणे तलावावर चालेल का?" मी म्हटलं, चालेल, बाबांना बरोबर ने. मैत्रिणीचं काय ठरलं ते अजून कळलेलं नाही. सरांनी परवानगी दिली तर दोघींनी दोन वेगळ्या जोड्या कराव्यात असं मला वाटतं.

धिंगरी घेणाऱ्यांनी स्पॉनची मागणी दिवाळीच्या सुट्टीआधीच नोंदवावी. रावेर तालुक्यातल्या पालच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या जवळच्या कृषी महाविद्यालयात आधी फोन करून विचारा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अळिंबी प्रकल्प आहे. पिशवी हातात आली की दाणे पांढरेशुभ्र आणि सुटे आहेत ना ते बघा, हिरवा किंवा काळा ठिपका दिसला तर घेऊ नका. एसटीने आणणार असाल तर पिशवी टपावर किंवा डिकीत टाकू नका, मांडीवर ठेवा. आणि भुसा शनिवारी संध्याकाळी भिजत घाला, म्हणजे रविवारचा अख्खा दिवस पिशव्या भरायला मिळतो.